मिरजेतील तंबोरा-दुरुस्ती : एका बेळगावकर कुटुंबाचा अनुभव

बेळगावच्या शहापुरातील आमच्या घरी आजोबांच्या काळापासून असलेला चार तारांचा तंबोरा आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका जुन्या कारखान्यात दुरुस्तीला दिला होता. तो परत आल्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला आणि आवाज जसाच्या तसा टिकला, म्हणून या कामाविषयी आता खात्रीने लिहिता येते.

वाद्याची अवस्था वाईट होती. बेळगावच्या दमट हवेत सरस (लाकूड जोडण्याचा पारंपरिक डिंक) सैल पडून तबली, म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणारी लाकडी फळी, भोपळ्यापासून एका बाजूने सुटली होती. पूर्वीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने ती फट एम-सील या वाळून कडक होणाऱ्या लांबीने बुजवल्यामुळे तबलीचा कंप आखडला होता. मिरजेच्या कारागिरांनी तार छेडण्याआधी तबलीवर कडेकडेने बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि आवाज जिथे बसका येत होता तिथे खडूने खुणा केल्या. "तबली बदलायला नको, इतकं वाळलेलं लाकूड आता मिळत नाही," एवढेच ते म्हणाले. नवी तबली बसवणे त्यांना सोपे होते आणि त्यात पैसेही अधिक मिळाले असते. त्यांनी मात्र एम-सील कणाकणाने खरवडून काढले आणि जुनीच तबली पुन्हा सरसाने बसवली. सरस ऊब आणि ओल देऊन पुन्हा सोडवता येतो. त्यामुळे पुढे कधी वाद्य उघडावे लागले तर लाकूड फोडावे लागणार नाही. या एका निर्णयासाठी मी या कारखान्याला मनापासून दाद देतो.

मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकात रुजली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्ये घडवू लागले आणि त्यांचे वंशज सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. वाद्यदुरुस्तीचे स्वतः उत्तम जाणकार असलेले किराना घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्याने या कारागिरीला चोखंदळ कानाची साथ मिळाली. भोपळे आजही पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि दांडीला तुणीचे लाकूड वापरतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे; पण त्या मानांकनाची चर्चा नव्या वाद्यांपुरतीच राहू नये असे मला वाटते, कारण जुने वाद्य न बिघडवता उघडण्याचे कसब नवे घडवण्याइतकेच दुर्मिळ आहे.

सर्वांत जास्त वेळ जवारीला, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून आवाज जुळवण्याला, लागला. आमच्या तंबोऱ्याची घोडी सांबरशिंगाची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असे शिंग आता विकत घेता येत नाही, त्यामुळे कानस जरा जास्त चालली असती तर ती घोडी कायमची गेली असती. घोडीच्या माथ्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकत राहते आणि त्यातून वरच्या स्वरांची झळाळी उमटते. कारागीर कानशीचे दोन हात मारीत, तार चढवीत, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवीत, ऐकत आणि पुन्हा तार उतरवीत. गायला बसणारी माझी आत्या सोबत होती. "आत्याबाई, जरा षड्ज लावा," असे सांगून त्यांनी तिच्या काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) स्वराला धरूनच जवारी काढली. पंचमाच्या तारेला मात्र अजून थोडी खुली जवारी चालली असती, असे आत्याचे मत आहे आणि मलाही ते पटते.

उणिवाही सांगायला हव्यात. ठरल्या तारखेपेक्षा काम बरेच लांबले आणि दर वेळी आम्हालाच फोन करून चौकशी करावी लागली. चपडीचे (लाखेचे) पॉलिश आम्हाला नको इतके चकचकीत झाले आहे. जुन्या पत्तीवरील (शोभेच्या लाकडी पानावरील) कोरीव काम त्याखाली किंचित बुजले, म्हणून पॉलिशविषयी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. खर्च मात्र नव्या तंबोऱ्याच्या निम्म्याहून कमी आला.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडून वाद्य नेणाऱ्यांनी पावसाळा टाळावा, कारण ओल्या हवेत सरस नीट वाळत नाही. गाणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे. आम्ही रायबाग-कुडचीमार्गे रेल्वेने गेलो. निघताना तारा थोड्या उतरवल्या, पण घोडी जागची हलणार नाही इतका ताण ठेवला आणि भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली.