जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेताना मी कसा फसलो

आमच्याकडे १९७१ची महिंद्राची पेट्रोल जीप आहे, सीजे-३बी. आमच्या तासगावच्या बाजूला द्राक्षबागायतदारांकडे एकेकाळी अशा बऱ्याच जीप होत्या, आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. अण्णांनी ती घेतली तेव्हा मी पाळण्यात होतो. औषधाचे डबे, क्रेट, आजारी माणसं, नवऱ्या मुली, सगळं तिनं वाहिलंय. इंजिन मूळचंच, २१९९ सीसीचं हरिकेन. त्यात इनलेट वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि म्हणूनच या जीपचं बॉनेट इतकं उंच आहे. ते इंजिन आता आमच्याकडे नाही. ते कसं गेलं ते सांगतो, कारण असले बेत करणारे आमच्या भागात अजून चार-पाच जण मला माहीत आहेत.

दुखणं पेट्रोलचं होतं. लिटरला आठ किलोमीटर, उन्हाळ्यात सातसुद्धा. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याचं नाव कानावर आलं, की हा जुन्या जीपमध्ये नवी डिझेल इंजिनं बसवतो. त्यानं दाखवलेलं इंजिन बोलेरोचं होतं, २५२३ सीसी, कॉमन रेल (जोराच्या दाबानं डिझेल फवारणारं), "अपघातातल्या गाडीचं, ऐंशी हजार बी पळालं न्हाई." त्याच्याबरोबर पाच गिअरचा बॉक्स, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), रेडिएटर, सगळं मिळून १ लाख ८५ हजार. "मालक, पंधराच्या खाली आलं तर इंजिन काढून घिऊन जातो, पैसं परत." आरटीओचं काय विचारलं, तर म्हणाला, "त्ये आमी बघतो. तुमी फक्त आरसी द्या." अण्णा एवढंच म्हणाले, "चालतंय त्याला कशाला हात लावायचा?" मी ऐकलं नाही.

तिथंच आकडेमोड करायला हवी होती. आमची जीप महिन्याला चारशे किलोमीटर फिरते. आठच्या हिशेबानं पन्नास लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी ५,२५०. पंधरा-सोळाचं ॲव्हरेज खरं धरलं तरी डिझेल पंचवीस ते सत्तावीस लिटर, ९२च्या भावानं २,३०० ते २,५००. म्हणजे त्याचा शब्द अक्षरशः खरा ठरला असता तरी पैसे वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर लागले असते. इंधनासाठी इंजिन बदलायचं असेल तर रोजचं पळणं दांडगं हवं. हे गणित शाळेतलं पोर करेल, पण तेव्हा डोळ्यांसमोर फक्त "पंधरा" हा आकडा होता.

सात आठवड्यांनी गाडी मिळाली. गिअर चारच. पाचवा, ओव्हरड्राइव्हवाला (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा) बॉक्स लांब पडतो, पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंचच अंतर, त्यात मागच्या चाकांकडे फेरे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जागाच उरत नाही, असं त्यानं सांगितलं. ते खोटं नसेलही, पण हे पैसे घेण्याआधी टेप लावून कळलं असतं. शिवाय मीटर नवा बसवलेला. "जुना बंद पडायला आलता, ह्यो आमच्याकडनं फुकट." मला बरंच वाटलं. मग त्यानं माझ्यासमोर बाटली लावून टेस्ट घेतली. सीटशेजारी प्लास्टिकची बाटली टांगलेली, त्यात मापून एक लिटर डिझेल, फीडची आणि रिटर्नची अशा दोन्ही नळ्या तिच्यातच सोडलेल्या. गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. मीटरवर पंधरा किलोमीटर आणि वर दोनशे मीटर. मी उरलेले साठ हजार तिथल्या तिथे यूपीआयनं पाठवले.

घरी आल्यावर पंपाचा खर्च मात्र काही केल्या हिशेबात बसेना. दोन महिने मी डिझेलवर, पंपावर, ड्रायव्हरवर संशय घेतला. ड्रायव्हरला एकदा बोललोही, त्याची नंतर माफी मागितली. शेवटी एका सकाळी कराडहून येताना महामार्गावर एका किलोमीटरच्या दगडापाशी थांबलो, मीटरचा आकडा वहीत लिहिला आणि दहा दगड मोजले. मीटर चौदानं पुढे गेलेला. परत फिरून उलट्या दिशेनं मोजलं, तरी चौदाच. म्हणजे बाटलीतले पंधरा हे खरे पावणे अकरा होते.

मीटर केबलवर चालतो. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्याच्या, बाजूला एक छोटं पिनियन (दातांचं चाक) असतं, त्याचे दात आणि मीटर एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. भलत्याच गाडीचा मीटर लावला की तो खुशाल खोटं बोलतो. चुकून झालं असेल असं मी आधी धरून चाललो. पण शेजारच्या गावात त्याच गॅरेजमधून करून आणलेली दुसरी जीप होती. तिच्या मालकाला घेऊन तेच दहा दगड मोजले. तिथंही चौदा.

ॲव्हरेज का वाढलं नाही, हे मिरजेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी समजावलं. डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टचे फेरे चाकांना देणारा दातांचा डबा, मूळचंच, ५.३८चं. चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला पाच पूर्णांक अडतीस फेरे मारावे लागतात. आमच्या टायरच्या मापाला टॉप गिअरमध्ये ताशी साठला इंजिन २,४०० फेऱ्यांवर ओरडत असतं. डिझेलची बचत कमी फेऱ्यांत असते, ती या दातांवर मिळणारच नाही. जोडीला खोक्यासारखी बॉडी, वारा कापायला सगळ्यात वाईट. "इंजन नवं आन् दात जुनं, मग काय हुनार?" असं ते म्हणाले. आणि हात लावून दाखवलं: जादा वजनानं पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले, माउंटिंगच्या वेल्डिंगपाशी चासीसला केसाएवढी चीर.

एवढ्यावर भागलं असतं तर पैसे गेले म्हणून गप्प बसलो असतो. यंदा आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आलं. इन्स्पेक्टरनी ब्लॉकवरच्या इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि कागद उजेडाकडे केला. आकडे उमटले, पण काही खोल, काही उथळ, आणि त्यांच्याखाली ग्राइंडरच्या तिरक्या रेघा, म्हणजे मूळ नंबर घासून दुसरा ठोकल्यासारखं. "हे इंजिन कुठलं? बिल? ज्या गाडीतून काढलं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद?" माझ्याकडे वहीच्या पानावरची कच्ची पावती होती. आरसीवर अजूनही जुनाच इंजिन नंबर आणि इंधन पेट्रोल. "आमी बघतो" म्हणणाऱ्यानं अर्जसुद्धा केलेला नव्हता.

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला, गॅरेजवाल्याला नव्हे. आरसीवर एक नंबर आणि गाडीत दुसरा असेल तर अपघातानंतर विम्याचं काय होईल, याचा विचार केला की मला अजून झोप लागत नाही. वर्षभर माझी मुलं त्या गाडीतून शाळेत गेली.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. २०२१पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासीस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आमची १९७१ची जीप त्यात बसू शकली असती.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, इंजिन चोरीचं निघालं तर आपण आधी सांगितलेलं बरं म्हणून. जिल्हा ग्राहक आयोगातही जातोय. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील म्हणाले, यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे आवाज हाच आधार, ते पुसू नका. कुणी याच वाटेवर असाल तर आरसी आणि जुनं इंजिन हातातून सोडू नका. माझ्या हातून दोन्ही सुटलं. "भंगारात चार हजार आलं" म्हणून त्यानं ते बिलातून वजा केलं होतं. चालू हरिकेन जुन्या जीपवाल्यांना किती हवं असतं, हे मला नंतर कळलं.

अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी आरटीओतून आलो त्या दिवशी फक्त विचारलं, "आपलं इंजन कुणाच्या गाडीत हाय, कळलं का?" सांगली, कोल्हापूर, सातारा भागात गेल्या दीड वर्षात कुणी जुनं हरिकेन विकत घेतलं असेल, तर ब्लॉकवरचा नंबर आमच्या आरसीशी ताडून बघायचाय. डायनामोच्या जवळ पितळी वेल्डिंगचा बोटभर डाग आहे. दिलेले पैसे मी परत देईन.