डमी बदलल्याचं बिल घेतलं, डमी मात्र जागची हललीच नव्हती

बिलावर तीन ओळी होत्या: ब्लॉक डमी (इंजिनच्या ब्लॉकमधली भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या वाट्या) 4 नग, कूलंट 5 लिटर, गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे. गॅरेज मुंबई-गोवा महामार्गालगतचं, गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, गणपतीला गावी निघालेली. टेंपरेचरचा काटा चढला, बॉनेटखालून वाफ आली, घरची माणसं रस्त्याच्या कडेला उभी. अशा वेळी कोणी बिलाची उलटतपासणी करत नाही. दोन तासांत गाडी हातात मिळाली म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं.

तीन आठवड्यांनी आंबा घाट चढताना काटा पुन्हा लाल पट्ट्यात गेला. दुसऱ्या गॅरेजात गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा दिसलं की एकही डमी बदललेली नाही. दोन डमींवर एमसील थापून वरून सिल्व्हर पेंट मारला होता. गिअरबॉक्सच्या बोल्टांभोवती लाल मातीचा थर जसाच्या तसा सुकलेला होता. त्या बोल्टांना पाना लागला असता तर तो थर तडकून पडला असता. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हतं, तांबूस पाणी होतं.

ही फसवणूक जमते कारण डमी दिसतच नाही. इंजिनचा ब्लॉक ओतताना पाणी फिरण्याच्या पोकळीसाठी साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू ज्या भोकांतून बाहेर काढतात, ती भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या गोल वाट्या म्हणजे डमी. कोणी वॉटर प्लग म्हणतं, कोणी वेल्श प्लग. काही सायलेन्सरच्या मॅनिफोल्डखाली असतात, काही इंजिन माउंटच्या आड, आणि बऱ्याच इंजिनांत एखादी मागच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या पलीकडे. भाग अगदी स्वस्त. पैसे जातात ते तिथवर हात पोचवण्याच्या मजुरीत, आणि न केलेली मजुरी बिलात घालणं सगळ्यात सोपं.

कोकणात डमी लवकर का जाते, याचं मुख्य कारण खारं वारं नाही. ती बहुतेक वेळा आतून कुजते. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि तेच पाणी बाटलीत भरून रेडिएटरमध्ये ओततात. पाण्यातलं मीठ पोलादी पत्र्याला बारीक बारीक खड्डे पाडतं. कूलंटमधला गंजरोधक भाग पातळ झाला की त्याला अडवायला काहीच उरत नाही. बाहेरून तिळाएवढा ठिपका ओला दिसतो तेव्हा आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. म्हणून एक डमी गेली की हाताला लागणाऱ्या बाकीच्याही बदलू या, असं मेकॅनिक म्हणाला तर ते रास्त आहे. त्याच्यावर संशय घेऊ नका. मागच्या डमीसाठी मात्र बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ती गळत नसेल तर तिचं काम क्लचच्या कामाबरोबर करून घेणं शहाणपणाचं.

गळती नक्की कुठून आहे हे ठरवल्याशिवाय कामाला हो म्हणू नका. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जांभ्याची धूळ इंजिनवर बसली की गंजाचा ओघळ आणि मातीचा डाग सारखेच दिसतात. आधी तो भाग धुऊन पुसून घ्या. मग थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावतात आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतका, बऱ्याच गाड्यांत 0.9 ते 1.1 बार, दाब भरतात. 10-15 मिनिटं काटा स्थिर राहिला तर बाहेर गळती नाही. काटा उतरत असेल तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन थेंब शोधायचा. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून खाली कूलंट ठिबकत असेल तर मागच्या डमीवर संशय घ्यायला जागा आहे, पण वरच्या होजमधून ओघळून तिथे आलेलं नाही ना, हे आधी पाहायचं.

ही तपासणी न करता कोणी थेट "हेड गॅस्केट गेलं" म्हणाला तर थांबा. गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पॅकिंग) गेलं की सहसा सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे किंवा ऑइलला दुधाळ रंग, यांपैकी काहीतरी दिसतं. शंका असेल तर निळ्या द्रावाची चाचणी करा. रेडिएटरमध्ये जळका वायू येत असेल तर निळा द्राव पिवळा होतो. मॅनिफोल्डखालच्या शेपन्नास रुपयांच्या डमीसाठी हेड खोलून लेथवर पाठवल्याचे हजारो रुपये भरणारी माणसं आहेत, आणि त्यानंतरही गळती तशीच राहते.

खरं काम कसं चालतं हे ठाऊक असलं की खोटं ओळखू येतं. कूलंट ट्रेमध्ये काढतात. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नये. जुन्या डमीच्या एका कडेला बोथट छन्नी टेकवून हातोडीचा ठोका देतात, ती भोकातच आडवी फिरते, मग पक्कडीने धरून ओढतात. सरळ आत ठोकून पोकळीत पाडायची नाही, तिथे ती अडकते आणि पाण्याची वाट अडवते. ड्रिल मारायचं तर बेताने, कारण थोड्याच अंतरावर सिलेंडरची भिंत असते. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने साफ करतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर हात आणखी हलका हवा, एक उभा ओरखडा पुढे कायमची गळती होतो. व्यास व्हर्नियरने मोजून त्याच मापाची डमी घेतात. कडेला सीलंटचा पातळ थर देतात. वाटीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान गोटी (पान्याचं सॉकेट) आत ठेवून, तिरकी होऊ न देता, कडेच्या उतारापासून साधारण अर्धा-एक मिलिमीटर आत बसेपर्यंत ठोकतात. वाटीच्या डमीला मध्यभागी ठोका चालत नाही, पत्रा आत दबतो आणि कड ढिली होते. चपट्या, फुगीर चकतीसारख्या डमीचं उलट: तिला मध्यभागीच ठोका देऊन पसरवतात, म्हणजे ती कडेने घट्ट धरते. सीलंट वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यायचा. मग कूलंट भरायचं, हवा काढायची, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं आणि थंड झाल्यावर पातळी बघायची. यात गिअरबॉक्सही उतरवला असेल तर दोन तासांत गाडी तयार होणं शक्य नाही.

म्हणूनच जुन्या डमी हातात मागा, आणि मागणी काम सुरू होण्याआधीच करा. त्या गाडीच्या मालकाने मागितल्या होत्या. त्याला चार चकत्या दिल्याही, कापडात गुंडाळून. चारही गोल, सपाट, कोरड्या. एकीलाही छन्नीचा वळ नाही, कड कुठे दुमडलेली नाही, आणि व्यास दोन वेगवेगळे. भोकातून ओढलेली डमी अशी निघत नाही. ती वाकडी होते, तिच्यावर ठोक्याची खूण असते, आणि आतल्या बाजूला गंजाची खपली किंवा कूलंटचा सुकलेला थर असतो. त्या चकत्या भंगाराच्या डब्यातून आल्या होत्या.

नव्या डमीकडेही नीट पाहा. खरी नवी डमी चकचकीत असते, तिची कड भोकात खोल बसलेली स्पष्ट दिसते. लांबी (एमसीलसारखी पुट्टी) थापली असेल तर कड दिसतच नाही, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर टण्ण न वाजता ठक्क असा मेलेला आवाज येतो. पितळी डमीचे पैसे घेतले असतील तर लोहचुंबक लावा, पितळेला तो चिकटत नाही. रबराची, बोल्ट आवळून फुगणारी डमी घरी पोचेपर्यंतचा तात्पुरता इलाज म्हणून चालते, पण ती लावून पक्क्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूकच. रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाकू देऊ नका. तिचा गाळ भोकाबरोबर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो, मग कुंभार्ली चढताना इंजिन तापणारच. कूलंट बंद डब्यातून, तुमच्यासमोर, डिस्टिल्ड पाण्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, मिसळून भरायला सांगा. डब्यावर तयार मिश्रण असं लिहिलं असेल तर पाणी घालायचं नाही.

पैसे गेलेच असतील तर पक्कं बिल हाताशी ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, म्हणजे ठाण्याच्या माणसाला त्यासाठी रत्नागिरीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दुसऱ्या मेकॅनिकला लांबी खरवडायला सांगण्याआधी मात्र तिचे, बोल्टांवरच्या मातीचे आणि रेडिएटरमधल्या पाण्याचे जवळून फोटो काढा, आणि काय आढळलं ते त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्या. एकदा खरवडली की दाखवायला काही राहत नाही.