'बेसबॉल स्टार्स' विकत घेताना: रिसेट दाबून दाखवलेल्या सेव्हवर विश्वास ठेवू नका

एसएनके कंपनीनं १९८९ साली अमेरिकेत निन्टेन्डोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी काढलेला 'बेसबॉल स्टार्स' हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम लोक आजही शोधून शोधून घेतात, ते त्यातल्या सेव्हसाठी. आपली टीम बनवायची, खेळाडूंना नावं द्यायची, सामने जिंकून पैसे कमवायचे आणि त्या पैशांतून एकेकाची बॅटिंग, पळणं, पिचिंग सुधारत न्यायचं. हे सगळं कॅसेटमधल्या रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, राहतं आणि कन्सोल बंद असताना ती रॅम जिवंत ठेवते एक ३ व्होल्टची बटण बॅटरी, सीआर२०३२. बॅटरी संपली तरी गेम सुरू होतो, सामना खेळता येतो, पण आठवडाभर घडवलेली टीम दुसऱ्या दिवशी गायब. फसवणूक नेमकी इथंच होते.

पद्धत ठरलेली आहे. जाहिरातीत 'ओरिजिनल, टेस्टेड, सेव्ह होतं' असं लिहिलेलं असतं. शंका काढली की विक्रेता व्हिडिओ पाठवतो: टीम बनवली, सेव्ह केली, रिसेट दाबलं, टीम जागेवर. बघणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पैसे पाठवून मोकळा होतो. पण रिसेट दाबल्यानं कॅसेटचा वीजपुरवठा तुटतच नाही. बॅटरी पूर्ण मेलेली असली, नव्हे काढून टाकलेली असली, तरी त्या व्हिडिओत टीम दिसणारच. पॉवर बंद करून दोन सेकंदांत चालू केली तरी कधीकधी माहिती टिकते, कारण सर्किटमध्ये थोडा चार्ज उरलेला असतो.

म्हणून व्हिडिओ मागायचा तो असा: टीमला तुम्ही सांगाल ते नाव द्यायला लावा. सेव्ह झाल्यावर रिसेटचं बटण दाबून धरूनच पॉवर बंद करायला सांगा. बॅटरीवाल्या कॅसेटसाठी हीच रीत आहे, कारण वीज जाताना प्रोसेसर भरकटून रॅममध्ये काहीबाही लिहू शकतो. मग कॅसेट बाहेर काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी लावून तेच नाव दाखवायचं. खरी वस्तू असलेल्या माणसाला यात काहीच अडचण नसते. 'इतका वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' असं उत्तर आलं, तर तिथंच सोडून द्या.

दुसरी फसवणूक जास्त वाईट: कव्हर अस्सल, आत नकली. कुठल्यातरी स्वस्त एनईएस गेमचं खरं कव्हर घेतात, त्याचं लेबल सोलून नवं छापलेलं चिकटवतात. त्यामुळे नुसतं प्लास्टिक बघून काही कळत नाही. आतला फोटो मागा. या काळातल्या कव्हरला मागून ३ स्क्रू असतात आणि ते साध्या पेचकसानं निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास पेचकस लागतो. वरच्या कडेला आतून दोन खाचा अडकवलेल्या असतात, तेव्हा स्क्रू काढल्यावर कव्हर ओढून उघडू नका, खालून उचलून वर सरकवा. खाचा तुटल्या की कायमच्या गेल्या.

आतल्या अस्सल सर्किट बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. चिपा लांबट, दोन्ही बाजूंना पाय असलेल्या. त्यांतली १६ पायांची, ३१९३ किंवा ६११३ असा आकडा असलेली चिप म्हणजे कुलपाची चिप. कन्सोलमधल्या जोडीदार चिपशी तिचं जुळलं तरच गेम चालतो. नकलेत तिच्या जागी ८ पायांची छोटी चिप दिसते, नाहीतर गेमच्या चिपेऐवजी काळ्या डांबरासारखा गोळा. काही नकलांमध्ये ३.३ व्होल्टची चिप सरळ ५ व्होल्टवर जोडलेली असते. ती लवकर जळते, शिवाय कन्सोलवर ताण येतो तो वेगळाच. बॅटरीच नाही आणि तरी सेव्ह होतंय, असं असेल तर तीही मूळची कॅसेट नव्हे.

कुलपाची चिप नसलेली नक्कल क्लोन (दुसऱ्या कंपन्यांच्या, एनईएसची नक्कल असलेल्या) कन्सोलवर किंवा वरून कॅसेट लावायच्या नंतरच्या एनईएसवर मजेत चालते, कारण त्यांत ही तपासणीच नाही. समोरून झाकण उघडायच्या जुन्या एनईएसमध्ये मात्र स्क्रीन साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत राहते. विक्रेता म्हणतो, 'पिना घाण झाल्यात.' हे खरंही असू शकतं. इअरबड ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून कॅसेटच्या ७२ पट्ट्या पुसा, वाळू द्या, पुन्हा लावा. त्याच कन्सोलवर बाकीच्या कॅसेट नीट चालतात आणि हीच लुकलुकते, तर कव्हर उघडून बघायलाच हवं.

बॅटरी मल्टिमीटरनं मोजा, कॅसेट कन्सोलच्या बाहेर असताना. ३ व्होल्टच्या आसपास हवी. २.५ च्या खाली असेल तर बदलायचीच. बदलताना पत्र्याच्या पट्ट्या जोडून येणारी सीआर२०३२ घ्या. अंगावरच सोल्डर केलेली किंवा चिकटपट्टीनं दाबून बसवलेली बॅटरी दिसली, तर आधी कुणीतरी घाईत दुरुस्ती केलीय असं समजा. थेट उष्णतेनं सेल आतून खराब होतो, फुटूही शकतो.

भारतातून मागवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले टीव्ही गेम बहुतेक ६० पिनांचे, फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी रूपाच्या) धर्तीचे. अमेरिकेची ७२ पिनांची कॅसेट त्यांत बसतच नाही, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. 'कुठल्याही टीव्ही गेमवर चालेल' असं कुणी म्हणत असेल, तर त्याला कॅसेटची माहिती नाही किंवा तो खोटं बोलतोय.

पैसे पेपालनं देणार असाल तर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून पाठवू नका, त्याला खरेदीचं संरक्षण मिळत नाही. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, त्यातच कव्हर खोलून बोर्डाच्या दोन्ही बाजू दाखवा. भारतात पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार निकाली लागेपर्यंत कॅसेटवर सोल्डरिंग आयर्न लावू नका. एकदा बॅटरी बदलली की मूळची कशी होती हे दाखवायला हातात काही उरत नाही.