विकत घेतलेला पहिला पास : स्वित्झर्लंडच्या रेल्वेवरचे 15 दिवस

रेल्वेच्या नोकरीत पास हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. कर्जत ते लोणावळा या भोर घाटाच्या सेक्शनमध्ये रेल्वेमार्गाच्या देखभालीचे काम मी 37 वर्षे केले, ड्यूटी पासवर हिंडलो, वर्षाला मिळणारे पासचे सेट कुटुंबाच्या गावाकडच्या प्रवासांसाठी वापरले आणि 2018 मध्ये निवृत्त झाल्यावर निवृत्तांचा पासही मिळाला. पैसे मोजून पास विकत घेण्याची वेळ मात्र वयाच्या 66व्या वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये आली. तो होता सलग 15 दिवसांचा, द्वितीय श्रेणीचा स्विस ट्रॅव्हल पास. हे परीक्षण त्या पासचे आहे. एकट्याने, आणि उतारवयात, परदेशी रेल्वेने फिरू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी ते मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

मी तिकडे कशासाठी गेलो हे सांगितल्याशिवाय पासबद्दलचे माझे मत नीट कळणार नाही. प्रशिक्षणाच्या काळात पुलांवरच्या एका पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या लँडवासर या रेल्वे पुलाचे छायाचित्र पाहिले होते. उंच दगडी खांबांवरून वळत गेलेला मीटरगेज मार्ग पलीकडच्या उभ्या कड्यातल्या बोगद्यात थेट शिरताना त्यात दिसत होता. तो पूल पाहायचा, हे तेव्हाच मनात ठरले. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि आईवडिलांची आजारपणे यांत चार दशके निघून गेली. पत्नीचे गुडघे इतका प्रवास सहन करण्याच्या स्थितीत नव्हते आणि तिनेच मला एकट्याने जाण्याचा आग्रह केला. पुण्यातल्या एका प्रवासी संस्थेत चौकशी केली, तेव्हा ज्येष्ठांनी ग्रुप टूरनेच जावे असा सल्ला मिळाला. परंतु त्यांच्या नऊ दिवसांच्या कार्यक्रमात तो पूल ज्या अल्बुला रेल्वेमार्गावर आहे तिथे उतरण्यासाठी एक तासही नव्हता, म्हणून मी स्वतःच वेळापत्रक आखायला बसलो.

हा पास स्वित्झर्लंड आणि लिश्टेनश्टाइनबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो. तो 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा असतो. सलग दिवसांचा पास घेता येतो किंवा एका महिन्याच्या आत आपल्या सोयीचे दिवस निवडता येतात. इंटरनेटवरून विकत घेतला की क्यूआर कोड असलेला कागद मिळतो. गाडीतले तिकीट तपासनीस तो कोड तपासतात आणि काही वेळा पासपोर्ट पाहायला मागतात, त्यामुळे पासपोर्ट नेहमी जवळ असावा. मी कागदाच्या दोन प्रती काढून एक बॅगेत आणि एक शर्टाच्या खिशात ठेवली होती, आणि मोबाईलच्या बॅटरीवर भरवसा ठेवायला न आवडणाऱ्या माझ्या पिढीने तसेच करावे असे मी सुचवीन. दिवस तारखेप्रमाणे मोजला जातो, म्हणून विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करणे शहाणपणाचे आहे.

या पासवर देशभरातल्या रेल्वेगाड्या, पिवळ्या पोस्ट बस, तलावांवरच्या बोटी आणि बहुतेक शहरांमधल्या ट्राम व बस चालतात, शिवाय मी गेलो तेव्हा, 2024 मध्ये, 500 हून अधिक संग्रहालयांमध्ये प्रवेशही मिळत होता. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी सवलत नाही. 25 वर्षांखालच्या तरुणांना ती आहे आणि वृद्धांना नाही, ही गोष्ट मला खटकली, कारण निवृत्तिवेतनावर जगणारा माणूसही तेवढ्याच काटकसरीने निघालेला असतो.

एकट्या वयस्क प्रवाशाला या पासचा खरा उपयोग कुठे होतो, ते मला दुसऱ्याच दिवशी कळले. मी कूर या गावी मुक्काम ठेवला होता. तिथून सेंट मॉरिट्झकडे दर तासाला साधी गाडी सुटते आणि त्या गाडीला आरक्षण लागत नाही. त्याच मार्गावरून काचेच्या छताची बर्निना एक्स्प्रेसही जाते, परंतु तिच्यात पास असूनही आसनाचे आरक्षण सक्तीचे आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. आपल्याकडच्या बहुतेक सहली त्या काचेच्या डब्यांचीच जाहिरात करतात. माझे स्पष्ट मत असे की, प्रवाशाने साध्या गाडीनेच जावे. रूळ तेच, पूल तेच, बोगदे तेच, शिवाय साध्या गाडीतल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडता येतात, त्यामुळे छायाचित्रात काचेवरचे प्रतिबिंब येत नाही आणि वळणावर चाकांचा आवाज ऐकू येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही स्टेशनवर उतरता येते.

मी फिलिझूर येथे उतरलो. स्टेशनपासून जंगलातल्या पायवाटेने अर्ध्या तासात लँडवासर पुलाच्या पायथ्याशी पोहोचता येते. पूल 65 मीटर उंच असून त्याला सहा कमानी आहेत, आणि त्यावरचा मार्ग 100 मीटर त्रिज्येच्या वळणात, चढावर बांधलेला आहे. वळण, चढ आणि उंची या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या की देखभाल करणाऱ्याची काय अवस्था होते, हे घाटात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. वळणाच्या बाहेरच्या रुळाची झीज, उन्हाळ्यातले प्रसरण, थंडीतले आकुंचन आणि वरच्या कड्यावरून सुटणारे दगड हे सगळे प्रश्न तिथेही आहेत, आणि त्यांत हिवाळ्यातल्या हिमाची भर पडते. 1901 आणि 1902 या दोन वर्षांत, खालून लाकडी परांची न उभारता, हे खांब बांधले गेले. मी त्या नदीकाठी एका दगडावर दोन तास बसलो आणि पुलावरून जाणारी प्रत्येक गाडी पाहिली. पावसाळ्यात भोर घाटात रात्रभर कंदील घेऊन फिरणारे आमचे गस्तीचे गँगमन आठवले. त्यांतले काही आज हयात नाहीत. हा पूल त्यांना दाखवता आला असता तर त्यांना त्याची किंमत माझ्याइतकीच कळली असती.

एखाद्या ठिकाणी असे दोन तास बसता येणे हीच या पासची खरी कमाई आहे. प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे घेतले असते, तर पुन्हा बसताना किती पैसे जातील याचा हिशेब मनात चालू राहिला असता, आणि आधी ठरवलेल्या गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलोही असतो. पास असल्यामुळे पुढची गाडी चुकली तरी त्यानंतरची होतीच.

बेर्ग्यून ते प्रेडा हा पुढचा टप्पा मी तीन वेळा केला. हवेतले अंतर सुमारे 6.5 किलोमीटर आहे, परंतु त्यात 400 मीटरहून अधिक चढायचे असल्यामुळे मार्ग गोल बोगद्यांतून स्वतःलाच वळसे घालत सुमारे 12.5 किलोमीटर लांब केला आहे. इथला सर्वाधिक चढ हजारास 35, म्हणजे 1:28 च्या आसपास (सुमारे 28 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर). आपल्या भोर घाटातला 1:37 चा चढ आम्ही अवघड मानत आलो आणि मागून ढकलणारी बँकर इंजिने लावत आलो. तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे की आपल्या ब्रॉडगेज गाड्या त्यांच्या गाड्यांपेक्षा कितीतरी लांब आणि जड असतात. प्रेडापासून पुढे 5,865 मीटरचा जुना अल्बुला बोगदा होता. जून 2024 मध्ये त्याच्या शेजारचा नवा बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि जुना आता संकटकाळच्या सुटकेचा मार्ग म्हणून ठेवला आहे. जुना बोगदा मोडीत न काढता सुरक्षेसाठी राखणे मला फार आवडले. तिसऱ्या वेळी प्रेडाहून रेल्वेच्या कडेने जाणाऱ्या वाटेने बेर्ग्यूनपर्यंत चालत उतरलो. तेवढ्या वाटेत एकच गाडी कधी डोक्यावर, कधी पायाखाली, कधी समोरच्या उतारावर दिसत राहते.

बेर्ग्यून स्टेशनजवळच्या रेल्वे संग्रहालयाबाहेर तपकिरी रंगाचे एक जुने क्रोकोडाइल इंजिन उभे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना लांब नाक आणि मध्ये केबिन. मला ते पाहताक्षणी घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. आपल्या जीआयपी रेल्वेने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) 1928 पासून घाटात चालवलेली विजेची मालगाडीची इंजिने याच घडणीची होती, त्यांतली सुरुवातीची काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली होती, आणि आपल्या रेल्वे कामगारांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी खेकडे मुंबईत शंटिंग करताना पाहिले आहेत. त्या इंजिनासमोर मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही.

बर्निना मार्गाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची वर्णने सर्वत्र वाचायला मिळतात. 1910 मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग 2,253 मीटर उंचीवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्टेशनवरून इटलीतल्या 429 मीटरवरच्या तिरानोला उतरतो. मधले दात्यांचे रूळ नसताना, केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर, गाडी हजारास 70 म्हणजे 1:14 चा चढ चढते. ही गोष्ट पुस्तकात वाचून मला पटली नव्हती, प्रत्यक्ष पाहून पटली. अल्बुला आणि बर्निना हे दोन्ही मार्ग 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आता स्टेशनांविषयी. 1982 पासून या देशात ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आहे. झुरिकसारख्या मोठ्या जंक्शनमध्ये गाड्या पूर्ण किंवा अर्धा तास होण्याच्या थोड्या आधी येतात आणि थोड्या नंतर सुटतात, त्यामुळे सहा-सात मिनिटांत गाडी बदलता येते. सुरुवातीला ही सहा मिनिटे मला फार कमी वाटली. दोन दिवसांत लक्षात आले की फलाटावरच्या अ, ब, क, ड अशा भागांच्या पाट्या, अगोदर जाहीर होणारे फलाट क्रमांक आणि बहुतेक ठिकाणचे उतार व लिफ्ट यांमुळे सामान असूनही धावावे लागत नाही. फलाटावर शिरण्यासाठी फाटके नाहीत, रांगा नाहीत. भाषा न येणाऱ्याला तिकीट खिडकीशी बोलण्याची वेळ पासमुळे जवळजवळ येतच नाही, आणि हे एकट्याच्या दृष्टीने फार मोठे आहे.

माझ्याकडून एक चूक झाली. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्यूत्शिनेन येथे दोन भागांत तुटते, एक भाग लाउटरब्रुन्नेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो. डब्यावर पाटी होती, घोषणाही झाली, परंतु मी खिडकीबाहेर पाहत बसलो आणि लाउटरब्रुन्नेनऐवजी ग्रिंडेलवाल्डला पोहोचलो. पासमुळे दंड भरावा लागला नाही, पुढच्या गाडीने परत आलो. आपल्याकडे स्लिप कोच, म्हणजे वाटेत एका गाडीतून काढून दुसरीला लावायचे डबे, जोडले-काढले जातात हे माहीत असलेल्या माणसाने लक्ष द्यायला हवे होते.

पर्वतशिखरांवर जाणाऱ्यांनी मात्र पास घेण्याआधी हिशेब करावा. रिगी पर्वतावर जाणारी रेल्वे पासमध्ये पूर्ण समाविष्ट आहे. व्हिट्झनाऊकडून जाणारा तिचा दात्यांचा मार्ग 1871 चा, युरोपातला पहिला. ल्यूसर्नहून व्हिट्झनाऊपर्यंतची बोटही त्याच पासवर मिळते आणि नशीब चांगले असेल तर ती 1901 सालची ‘उरी’ ही वाफेवर चालणारी बोट असते. तिचे इंजिन मधल्या उघड्या चौकातून दिसते. युंगफ्राउयोख या पर्वतावरच्या रेल्वे स्टेशनसाठी मात्र पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि पुढे 25 टक्केच सवलत मिळते. महिनाभर चालणाऱ्या हाफ फेअर कार्डावर त्याच प्रवासाला निम्मे पैसे पडतात. म्हणजे एका गावी राहून दोन-तीन शिखरे पाहायची असतील तर हाफ फेअर कार्ड घ्यावे, आणि रोज लांबचा रेल्वेप्रवास करायचा असेल तर पास. 3,454 मीटरवरचे ते स्टेशन आणि 1896 ते 1912 अशी 16 वर्षे खोदलेला तो बोगदा पाहायला मी पैसे भरून गेलो. बोगदा पाहण्याजोगा आहे, परंतु वर ढग होते आणि दुसरे काही दिसले नाही. आदल्या दिवशी हवामान पाहूनच तिकीट काढावे.

जेवणाची अडचण मला झाली नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि छोटी इलेक्ट्रिक किटली बरोबर होती. ब्रेड, दही, चीज आणि फळे सुपरमार्केटमध्ये मिळत. स्टेशनांजवळच्या कारंज्यांचे पाणी पिण्यायोग्य असते, नसेल तिथे तसे लिहिलेले असते.

चौदाव्या दिवशी मी इंटरलाकेनला होतो आणि ब्रिएन्झ तलावावर बोटीने जाण्याचा बेत होता. सकाळपासून पाऊस लागला होता. नाश्ता करताना मी फोनवर कूरकडचे हवामान पाहिले, तिकडे ऊन होते. कोणाला विचारायचे नव्हते, काही रद्द करायचे नव्हते. झुरिक आणि कूरमार्गे चार-साडेचार तासांचा प्रवास करून दुपारी पुन्हा फिलिझूरला उतरलो आणि त्याच दगडावर जाऊन बसलो. तिथून पत्नीला व्हिडिओ कॉल केला आणि लाल गाडी पुलावरून बोगद्यात शिरेपर्यंत फोन वर धरून ठेवला. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला घेऊन जाईन, तेव्हा 8 दिवसांचे दोन पास घेणार आहे आणि मुक्काम फक्त कूरला ठेवणार आहे.