भीमेवर गळ टाकायला कुठली होडी: रबरी, फायबरची की मामांची?

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला मासे खायला जाणारे पुष्कळ. जेवून झाल्यावर काठावर उभं राहून ‘आपणही एक होडी घ्यावी का’ असं पुटपुटणारेही बरेच. त्यातला एक मी होतो. आता ओळखीचे लोक मलाच विचारतात, आणि पहिला प्रश्न हमखास किमतीचा असतो. मी आधी पाण्याचं सांगतो.

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. आज भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या बाजूला आणि पलीकडे करमाळ्याकडे जो फुगवटा पसरलाय, त्याच्या पोटात जुनं नदीपात्र, घरांच्या भिंती, विहिरी, बाभळी अजून आहेत. पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, तशाच या बाभळीही हळूहळू पृष्ठभागाशी येतात. धरणाचा मृतसाठाच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचं पाणी, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी आली तरी पाणी भरपूर असतं. फक्त काठ दूर जातो आणि मधे गुडघाभर गाळ उरतो. होडीची गरज मुळात इथून सुरू होते.

मी पहिली घेतली ती हवेची रबरी बोट. गाडीच्या डिकीत मावते, पंपाने पंधरा-वीस मिनिटांत फुगते, आणि फायबरच्या एका होडीच्या पैशांत अशा तीन-चार सहज येतील. उन्हाळ्यात गाळावरून दोघांनी उचलून नेता येते, हा तिचा मोठा गुण. फायबरची होडी त्याच गाळात ओढताना चार माणसं घामाघूम होतात. पहिले दोन महिने मी तिच्यावर खूश होतो. किनाऱ्यालगतच्या चार-सहा फूट पाण्यात कणकेच्या गोळीवर चिलापी छान लागायची.

मग एका फेब्रुवारीत, पाणी थोडं उतरलेलं असताना, बुडाखालून ‘खर्र’ आवाज आला. नंतर फुस्स वगैरे काही नाही. केसाएवढ्या भोकातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येत होती, बस. खाली वाळलेल्या बाभळीचा शेंडा होता. बोटीत हवेचे तीन वेगळे कप्पे होते म्हणून एक बाजू लोळागोळा होऊनही आम्ही काठाला लागलो. उजनीत बाभूळ कुठे आहे हे पाण्यावरून दिसत नाही. ज्याला माहीत आहे तो रबरी बोट घेऊन जात नाही.

काट्यापेक्षाही वारा वाईट. रबरी बोट हलकी, पाण्यात जेमतेम रुतलेली आणि वर फुगीर, म्हणजे निम्मी शीडच. गळ टाकून बसावं तर वारा तिला जागेवर राहू देत नाही. एक नांगर टाकला तर ती त्याच्याभोवती गोल फिरते आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) नांगराच्या दोरीत गुरफटतो. पुढे-मागे दोन नांगर टाकले तर ते बुडातल्या फांद्यांत अडकतात. वारा अंगावर आला की वल्ह्यांनी पुढे जाणं जवळपास अशक्य. तिला बॅटरीवरची मोटर लावणारे आहेत, पण हिशोब करून पाहा. साधी शंभर अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी पंचवीस-तीस किलोची. पूर्ण वेगात मोटर चाळीस-पन्नास अँपिअर ओढते. बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात, मग हातात राहतो जेमतेम तासभर. शिवाय पाण्यात जागोजागी लावलेली जाळी आणि जलपर्णी पंख्यात अडकते ते वेगळंच.

वाऱ्याबद्दल इतकं लिहितोय त्याला कारण आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती काही खेळण्यातली बोट नव्हती, लोकांच्या नेहमीच्या वापरातली होती. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दिवसांत दुपार कलली की ढग दिसो न दिसो, पाण्यावर थांबू नये. लाइफ जॅकेट अंगात हवं. होडीत बसायला उशी म्हणून ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही.

फायबरची सपाट बुडाची होडी याबाबतीत सरस. बारा फुटी होडीत दोघं आरामात बसतात, उभं राहून गळ फेकला तरी ती डोलत नाही, आणि बाभळीचा शेंडा लागला तर ओरखडा उठतो, बस. खोल पाण्यात, जुन्या पात्राच्या कडेला कटला आणि रोहू शोधायचा असेल तर तासन् तास एका जागी थांबावं लागतं. ते हिच्यातच जमतं. अडचण आहे ती पाण्याबाहेर. शहरातल्या सोसायटीत ती ठेवणार कुठे? काठावर कुणाच्या शेतात ठेवली तर मालकाशी संबंध नीट हवेत, आणि पाणी मागे सरकलं की दर पंधरवड्याला ती खाली ओढावी लागते. आमची एकदा आम्ही महिनाभर गेलोच नाही म्हणून पाण्यापासून शंभर पावलांवर भेगाळलेल्या गाळात बसली होती, आत बगळ्याची विष्ठा.

इंजिनाचा मोह टाळा. यांत्रिक बोट म्हटली की नोंदणी आली, विमा आला. शिवाय उजनीत चोरून वाळू उपसणाऱ्यांच्या बोटी महसूल आणि पोलीस पकडतात, कधी स्फोट करून बुडवतात. तुमचा वाळूशी संबंध नसला तरी इंजिनाची अनोळखी बोट काठावर दिसली की चौकशी होणारच. गळ टाकायला वल्ही पुरतात.

कयाक दिसायला झकास, शांत पाण्यात मरळीसाठी जलपर्णीच्या कडेकडेने सरकायला तर उत्तमच. पण पाय लांब करून चार तास एकाच आसनात बसणं चाळिशीनंतर जमत नाही, आणि मोठा मासा आत घेताना तोल जातो. थर्माकोलचा तराफा किंवा ट्यूब वापरणारे स्थानिक लोक आहेत. त्यांचं आयुष्य त्या पाण्यावर गेलंय, नकला करू नका.

उरली तिसरी वाट, आणि नव्या माणसाला मी तीच सांगतो: पहिला हिवाळा काहीही विकत न घेता भोई-कोळ्यांच्या, म्हणजे आपण ज्यांना मामा म्हणतो त्या मच्छीमारांच्या होडीत मागे बसा. नोव्हेंबर ते मार्च शनिवार-रविवारी या होड्या पक्षी बघणाऱ्यांनी भरलेल्या असतात. रोहित (फ्लेमिंगो) बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात आणि दरही तसाच चढतो. मधल्या वारी, पहाटे जा. भाडं आधी ठरवा, आणि आपल्याला पक्षी नको, गळ टाकायचाय हे स्पष्ट सांगा, नाहीतर मामा बिचारे तुम्हाला रोहितांच्या थव्याकडे नेत राहतील.

मी ज्यांच्याबरोबर जायचो त्या मामांनी पहिल्या दिवशी गळाला हातच लावू दिला नाही. होडी थांबवायची, बांबू खाली टोचायचा, हलवायचा, पुढे जायचं. बांबू गाळात शिरला तर आवाज येत नाही, मुरूम लागला तर करकरतो. एका ठिकाणी टक् झालं. मामा म्हणाले, “हितं वाडा व्हता. भितं हाय खाली. जाळं अडकतं म्हून कुणी टाकत नाय. गळ टाका तुमी.” त्या भिंतीच्या आडोशाला गांडुळावर पहिली वाम (सापासारखा लांब मासा) लागली. हाताला विळखा घालत होती, मी घाबरून तंगूस सोडून दिला आणि मामा हसत बसले. ही माहिती कुठल्या फिशफाइंडरमध्ये नाही. यंत्र खोली दाखवेल, खाली कुणाचा वाडा होता ते सांगणार नाही.

याही पर्यायात तोटे आहेत. वेळ तुमच्या हातात नसते. मामांच्या घरी लग्न असलं की तुमचा रविवार गेला. आणि बरेचदा त्यांना जाळी बघायची घाई असते, तुम्हाला एका जागी बसायचं असतं. पण याच निमित्ताने ओळख होते. ती पुढे होडी ठेवायला, परवानगीचं विचारायला, अडचणीत फोन करायला उपयोगी पडते. जलाशयावर मासेमारीचे हक्क आणि परवाने हा स्थानिकांच्या पोटाचा विषय आहे. तिथल्या मच्छीमारांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला विचारल्याशिवाय गळ टाकू नये, पकडलेलं विकू तर नयेच. पावसाळ्यात तर जाऊच नका. रोहू-कटल्याच्या विणीचे ते दिवस, आणि वरच्या धरणांतून विसर्ग सुटला की दौंडकडून लाल लोंढा येतो.

दुसऱ्या हिवाळ्यातही पहाटे चारला उठून जावंसं वाटत असेल, तर मामांनाच सांगून जुनी फायबरची होडी शोधा. रबरी बोट छोट्या तलावांसाठी ठेवा, काटे नसलेल्या. जुनी होडी बघताना रंगावर जाऊ नका. नाण्याने सगळ्या बुडावर टकटक करा. टणक आवाज येत येत एका जागी भद्द झाला की तिथले थर सुटलेत. मग होडी दोन लाकडांवर ठेवून आत रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी खालच्या मातीला ओल दिसली, तर भाव निम्म्यावर आणा किंवा चहा पिऊन परत या.