‘अस्बा’ पाठ होता, तरी ६ लाख गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. ऑनलाइन शेअर बाजार शिकवणाऱ्यांनी लुबाडलेले ६,०५,१९९ रुपये. वय ६२. एकतीस वर्षं सरकारी खात्यात लेखापाल, लोकांच्या व्हाउचरमधल्या चुका लाल पेनानं काढण्यात हयात गेली. हसा.

इंदूरचा माणूस शेअर बाजारात फसला म्हटलं की लोक लगेच म्हणतात, अहो, हा धंदा तर तुमच्याच गावचा! खरं आहे. टिप देणाऱ्यांचे फोन इथूनच देशभर जात, आणि इथल्या कितीतरी सल्लागार कंपन्यांवर सेबीनं, म्हणजे बाजाराच्या नियामकानं, आदेश काढले. असे फोन मी स्वतः शिव्या घालून ठेवलेत. पण हे टिप देत नव्हते ना. हे शिकवत होते.

ग्रॅच्युइटी एफडीत पडून होती. जावई पुण्याहून फोनवर एनएव्ही, एक्स्पेन्स रेशो, लार्ज कॅप असं बोलायचा आणि मी ‘हो हो’ करायचो. हिशेबाच्या माणसाला जावयापुढे मान डोलवत बसायची लाज वाटते. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली: बाजाराची भाषा मराठीतून, २१ दिवस, फी २,९९९. इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माणसाला शुद्ध मराठीचं काय अप्रूप असतं ते पुण्यात बसून कळायचं नाही. आमची मराठी निम्मी हिंदी. आणि हे ‘सर’ रोज रात्री साडेआठला लाभांश, भागभांडवल, तरलता असं अस्खलित बोलत. ‘काका, तुमचे प्रश्न फार नेमके असतात,’ म्हणाले, तेव्हा मी स्पीकर चालू करून बायकोला ऐकवलं.

शिकवलं मात्र चांगलं, हे नाकारत नाही. पी/ई, बुक व्हॅल्यू, स्टॉप लॉस, अपर सर्किट. दोनशे पानी वही भरली. (नुसतं शिक्षण देणाऱ्यानं गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलू नये, असं सेबीनं जानेवारी २०२५ मध्येच बजावलं होतं. हे रोज त्याच दिवशीचा भाव दाखवत. तुमचा मास्तर असं करत असेल तर उठा तिथून.)

तिसऱ्या आठवड्यात ‘प्रात्यक्षिक’ म्हणून त्यांचं अ‍ॅप आलं. २५,००० टाकले. चार दिवसांनी ४,२०० काढून बघितले, खात्यात आले. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. १,८०,००० टाकले. अ‍ॅपनं शेअर ज्यात जमा होतात त्या डीमॅट खात्याचा नंबर एकदाही विचारला नाही, आणि का विचारत नाही, हे मलाही विचारावंसं वाटलं नाही.

आता ते लिहितो ज्यानं अजून झोप येत नाही. चौथ्या दिवशीच्या धड्यात त्याच माणसानं अस्बा शिकवलं होतं. आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, अर्ज केला की पैसे आपल्याच बँकेत अडवून ठेवतात, शेअर मिळाले तरच कापतात, १ जानेवारी २०१६ पासून सक्तीचं. माझ्या वहीत हे दोनदा अधोरेखित आहे. आणि तोच माणूस आयपीओसाठी ३,४०,००० मागतो, तेही कुठल्याशा साड्यांच्या ठोक व्यापाऱ्याच्या चालू खात्यात! मी विचारलं, अगदी विचारलं: ‘सर, अस्बाचं काय?’ ते म्हणाले, ‘काका, ही अँकरची कोटा-एंट्री आहे, तिला अस्बा लागत नाही.’ अँकर हा शब्द आमच्या धड्यांत आलाच नव्हता. नवा शब्द ऐकला आणि मी गप्प. आपण अजून कच्चे आहोत असं वाटलं. बँकेच्या शाखेत उभा राहून आरटीजीएसचा फॉर्म मी स्वतःच्या अक्षरात भरला. काम एकाचं आणि पैसे भलत्याच्या नावे, असं व्हाउचर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी फेकून दिलं असतं. अँकर म्हणजे आयपीओ खुला होण्याआधी शेअर घेणाऱ्या बड्या संस्था, आणि मेनबोर्ड (मोठ्या कंपन्यांच्या) आयपीओत त्यांचा अर्ज किमान १० कोटींचा असतो, हे जावयानं नंतर सांगितलं. म्हणजे मी साडेतीन लाखांहून कमी पैशांत अँकर.

अ‍ॅपवर नफा दिसला ३,०७,०००. काढायला गेलो तर ‘आधी २० टक्के शॉर्ट टर्म कॅपिटल गेन कर भरा.’ दर बरोबर होता हो, जुलै २०२४ पासून २० टक्केच आहे! म्हणून भरले ६१,४००. हा कर कुणा अ‍ॅपला भरत नाहीत, आपल्या पॅनवर सरकारला भरतात, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासचा ग्रुप गायब.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तो एकविसाव्या प्रयत्नात लागला. तुम्ही मात्र थांबू नका, पहिल्या तासातच करा. पैसा खात्यात असेल तर तेव्हाच अडवता येतो. थान्यात गेलो. ‘साइबर में जाइए.’ सायबरमध्ये गेलो. ‘अंकल, पहले अपने थाने से आवेदन पर सील लगवाइए.’ एक पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणाला, ‘पढ़े-लिखे होकर?’ बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमचा काय दोष. सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकावी म्हटलं, तर ती नोंदणीकृत संस्थांविरुद्धच घेतात. म्हणजे नोंदणी करून चोरी केली तर दाद, न करता केली तर नाही! तिथून पुन्हा थाना. तिसऱ्या खेपेला कळलं की एका खात्यात माझे १८,५०० अडवले गेलेत, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तिथं म्हणाले. वकील १५,००० मागतो.

सल्लागाराचा सेबी-नोंदणीचा नंबर आयएनए, रिसर्चवाल्याचा आयएनएच, दलालाचा आयएनझेडनं सुरू होतो. तो त्यांनी पाठवलेल्या फोटोत बघू नका, सेबीच्या साइटवर स्वतः टाइप करून शोधा. दुसऱ्याचा नंबर चिकटवलेला असतो, माझ्या बाबतीत होता. आणि व्यवहार झालेल्या महिन्याचं डिपॉझिटरीकडून (डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून) जे एकत्रित स्टेटमेंट येतं त्यात शेअर नसेल, तर तो तुमच्याकडे नाही. अ‍ॅप काहीही दाखवू दे.

जावयाला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, तीन लाख म्हटलंय. हे वाचलं तर कळेल त्याला. सोमवारी पुन्हा थान्यात बोलावलंय, पासबुकाच्या तीन झेरॉक्स घेऊन.