स्टेशनवरचं फुकट वाय-फाय: काही महिने वापरल्यानंतर

जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हा मी दिवसाला दोन जीबीच्या पॅकवरून दीड जीबीवर उतरले. ते संध्याकाळ व्हायच्या आतच संपायला लागलं. त्यात दर आठवड्याला कल्याण-पुणे जाणं-येणं आणि गाडी लेट असली की फलाटावर काढायचा वेळ. म्हणून रेल्वेस्टेशनवरचं ‘रेलवायर’ नावाचं वाय-फाय वापरायला लागले, ते आजही वापरतेय.

ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झाली, तेव्हा रेलटेल या रेल्वेच्या सरकारी कंपनीबरोबर गूगल होतं. गूगलने २०२० मध्ये अंग काढून घ्यायचं ठरवलं, पण रेलटेलने ती चालू ठेवली आणि आज देशभरात सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ती आहे. म्हणजे फक्त पुणे-मुंबईच नाही, गावाकडच्या छोट्या स्टेशनवरही यादीत हे नाव दिसू शकतं.

आता फुकट म्हणजे किती? दिवसाला पहिली ३० मिनिटं, १ एमबीपीएस वेगाने. गणित केलं तर अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, ई-पेपरची पीडीएफ, तिकिटाचं स्टेटस एवढं आरामात होतं. सिरियलचे एपिसोड विसरा. त्यापुढे पैसे भरायचे. २०२१ मध्ये पॅक आले तेव्हा १० रुपयांत (कर वेगळा) दिवसभरासाठी ५ जीबी आणि ३४ एमबीपीएसपर्यंत वेग असा हिशेब होता. लॅपटॉपचे अपडेट तुंबले असतील तर हे दहा रुपये वसूल होतात. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनाही हा खर्च जड जाऊ नये! एक लक्षात ठेवा, वाय-फाय स्टेशनचं आहे, गाडीचं नाही. गाडी सुटली की तेही सुटलं, त्यामुळे डाउनलोड फलाटावरच उरका.

लॉगिनला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो. बरेच जण यावर वैतागतात, पण त्याला कारण आहे. २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे दूरसंचार खात्याचे आदेश त्यानंतर, २००९ मध्ये आले. टॅबमध्ये सिम नसेल तर लॉगिनच्या पानावर आपल्या फोनचा नंबर टाका आणि ओटीपी तिथून बघून भरा. परदेशातून पाहुणे आलेत आणि भारतीय नंबर नाही, तर मात्र पंचाईत.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लॉगिनचं पान न उघडण्याने. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण पुढे काहीच हलत नाही, आणि हे कुठल्याही सार्वजनिक वाय-फायवर होऊ शकतं. आजकाल जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे फोन आणि साइटमधली देवाणघेवाण कुलूपबंद असते, आणि अशा साइटच्या मध्ये घुसून वाय-फायला आपलं लॉगिनचं पान दाखवता येत नाही. उपाय सोपा आहे: ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) टाका. ती साइट मुद्दाम साध्या, बिनकुलपाच्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिनचं पान लगेच समोर येतं. तरीही नाही आलं तर व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून नेणारं अ‍ॅप) आणि सेटिंगमधला प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधायची वेगळी सोय) तेवढ्यापुरता बंद करा.

सुरक्षिततेबद्दल फॅमिली ग्रुपवर येणारे फॉरवर्ड मला दहा-पंधरा वर्षं जुने वाटतात. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन आलं होतं. शेजारच्या टेबलावरच्याचं फेसबुक लॉगिन त्याने खरंच पळवता यायचं, कारण तेव्हा लॉगिननंतरची पानं एचटीटीपीएसवर नसायची. आता हवेतून पासवर्ड उचलणं तितकं सोपं राहिलेलं नाही. आजचा धोका आहे खोट्या नावाचा आणि खोट्या पानाचा. पुण्यातल्या एका कॅफेत यादीत जवळजवळ सारखी दोन नावं दिसली, एक कुलूपवालं, एक उघडं. उघड्याला जोडलं तर पान थेट जीमेलचा पासवर्ड मागायला लागलं. काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं, ते त्यांचं नव्हतंच. वाय-फायला नंबर आणि ओटीपी पुरतो. ईमेलचा पासवर्ड, आधार, कार्ड मागितलं किंवा अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितलं की सरळ बंद करायचं. ब्राउझरने सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखीच्या दाखल्यात गडबड असल्याची सूचना दाखवली तर ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही.

यूपीआय करताना मी वाय-फाय बंद करते. ते व्यवहार मुळात एन्क्रिप्टेडच (कुलूपबंद) असतात, पण डेटा इतका किरकोळ लागतो की जोखीम घ्यायचं कारणच नाही. फुकटच्या व्हीपीएनचं मला कौतुक नाही. अनोळखी वाय-फायवाल्यावरचा भरवसा काढून अनोळखी व्हीपीएनवाल्यावर टाकायचा, मिळवलं काय? बाहेर पडताना ऑटो-कनेक्ट बंद करा. कॅफे-मॉलची नावं तर फोनमधून काढूनच टाका, कारण त्याच नावाचं दुसरं उघडं वाय-फाय दिसलं तरी फोन त्याला मुकाट्याने जोडला जाऊ शकतो.

स्टेशनबाहेर शोधायचं असेल तर पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना बघा. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत किराणावाला किंवा झेरॉक्सवालाही लायसन्स न काढता वाय-फाय विकू शकतो. हे फुकटच असतं असं नाही, बहुतेक ठिकाणी काही रुपयांचे छोटे पॅक असतात. देशात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट हे सरकारचं २०१८ च्या धोरणातलं लक्ष्य होतं, त्याच्या जवळपासही आपण पोचलेलो नाही. त्यामुळे इंटरनेटवरच्या ठिकाणांच्या जुन्या याद्यांवर जाऊ नका. वाणीचं अ‍ॅप उघडा, जवळचं दुकान दिसलं तर आधी दुकानदाराला विचारा, मग पैसे भरा, आणि तेही मोबाइल डेटावरून.